गाडीतून उतरतानाचा चटका

मी मूळचा चिपळूणचा. आमच्याकडची हवा इतकी दमट की गाडीच्या दाराला हात लावल्यावर चटका बसतो, हे मला आठवीपर्यंत ठाऊकच नव्हते. बाबांची बदली जोधपूरला झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात ते कळले.

गेल्या जानेवारीत सुट्टी संपल्यावर बाबा मला गाडीने शाळेत सोडायला निघाले. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. टाकीचे झाकण उघडणे हे माझे नेहमीचे काम. मी उतरलो, दार लावायला हात पुढे केला आणि बोटाशी 'टच्' करून ठिणगी उडाली. बाबा हसले, मीही हसलो.

शाळेत ही गंमत भौतिकशास्त्राच्या सरांना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "दाराऐवजी हात आधी टाकीपाशी गेला असता तर?" आणि त्यांनी मला गणित करायला बसवले.

माणसाच्या शरीराची विद्युतधारिता साधारण 100 पिकोफॅरड धरली. कोरड्या हवेत सीटवरून उठताना शरीराचे विभव 10,000 व्होल्टपर्यंत जाऊ शकते. धारितेला विभवाच्या वर्गाने गुणून निम्मे केले, तर ऊर्जा येते 5 मिलीज्यूल. एवढ्याने आपल्याला फक्त चटका बसतो. पण पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण पेटायला सुमारे पाव मिलीज्यूल पुरते. माझ्या बोटात त्याच्या वीसपट ऊर्जा असू शकत होती!

ही वीज येते कुठून? गाडी वाऱ्यातून धावते म्हणून, असे मला वाटायचे. खरे कारण सीटवर असते. आपले कपडे सीटच्या कापडावर घासतात, आणि उठताना दोन्ही पृष्ठभाग वेगळे झाले की इलेक्ट्रॉन एकाकडे जास्त, दुसऱ्याकडे कमी राहतात. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर असतो, त्यातून हा प्रभार वाहून जातो. कोरड्या हवेत तो अंगावरच राहतो. बुटाचे रबरी तळवे त्याला जमिनीत उतरू देत नाहीत. मग बोट धातूजवळ गेले की तो हवेतून उडी मारतो.

यावर उपाय म्हणून ही कवायत लक्षात ठेवा:

1. सीटवरून उठण्याआधी दाराच्या चौकटीचा धातूचा भाग धरा. प्लास्टिक धरून उपयोग नाही.
2. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहीपर्यंत हात सोडू नका. प्रभार तयार होता होताच गाडीत परत जातो.
3. धरायचे विसरलात, तर हातातली किल्ली आधी धातूला टेकवा. ठिणगी किल्लीच्या टोकाशी पडते, बोटाला टोचत नाही.
4. थंडीत नायलॉन, पॉलिस्टरऐवजी सुती कपडे बरे.
5. पेट्रोल भरताना गाडीत पुन्हा बसू नका. बसलातच, तर उतरल्यावर टाकीपासून दूर गाडीच्या धातूला हात लावा, मगच टाकीकडे जा.

मी जाड स्वेटर घालून बाबांच्या गाडीतून आलटून पालटून उतरून पाहिले. न धरता उतरलो तेव्हा वरचेवर चटका बसला, धरून उतरलो तेव्हा एकदाही नाही.

विमानात इंधन भरण्याआधीही विमान आणि इंधनाची गाडी तारेने जोडतात. तत्त्व तेच, प्रभाराला ठिणगीशिवाय वाट करून द्यायची.

आता पंपावर मी दार उघडले की बाबा विचारतात, "धातू?"

मी उत्तर देतो, "धरला, सर!"