अंगदुखीची गोळी आणि जठराचे अस्तर



डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक यांसारखी सूज उतरवणारी वेदनाशामके जठराच्या अस्तराला इजा करतात, आणि ती मुख्यतः रक्तातून होते. जठरातले आम्ल मांस पचवते, तरी जठर स्वतःला पचवत नाही. अस्तरावर चिकट श्लेष्मा, त्यात आम्ल मारणारे बायकार्बोनेट आणि पेशींना भरपूर रक्त, असा बंदोबस्त असतो. तो प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांवर चालतो. सूज आणि ठणका वाढवणारीही हीच द्रव्ये. याच गटातले अ‍ॅस्पिरिन त्यांची निर्मितीच रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी. गुडघ्याचा ठणका थांबतो, त्याच वेळी जठर उघडे पडते.

म्हणून ‘जेवून घेतली की बाधत नाही’ आणि ‘सुई घेतली तर पोटाला त्रास नाही’ या दोन्ही समजुती पोकळ आहेत. जेवणाने जळजळ कमी होईल, व्रण टळत नाही.

आदिलाबाद जिल्ह्यात कापूस वेचणीला कंबर धरली की माणूस मेडिकलवर जाऊन गोळी मागतो. डायक्लोफिनॅक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हा नियम गिऱ्हाईक समोर उभे असताना आठवावा लागतो. सर्वांत वाईट प्रकार पुडीचा: कागदात बांधलेल्या बिननावाच्या तीन-चार गोळ्या. त्यात वेदनाशामकाशेजारी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड असेल, तर रक्तस्रावाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. साठी ओलांडलेले, पूर्वी अल्सर झालेले, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेणारे यांनाही धोका जास्त. साध्या दुखण्याला आधी पॅरासिटामॉल पुरते. वेदनाशामक लागलेच तर एकच, कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस. धोक्यातल्या माणसाला डॉक्टरांच्या सल्ल्याने सोबत पँटोप्राझोल, तेही जेवणाआधी.

गोळी व्रणाचे दुखणेही दाबते. त्यामुळे पोट मुळीच न दुखता रक्त वाहू शकते आणि पहिली खूण शौचात दिसते: ते डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे असते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण डांबरासारखे चिकट नसते. काळ्या शौचासोबत भोवळ किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी असेल, तर अँटासिड देऊन घरी पाठवू नये. रुग्ण तडक आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात न्यावा. मेडिकलवर बसणाऱ्याने शौचाचा रंग विचारायला लाजू नये.

– मामा