ग्लेनट्रेसचा दिवस आखताना

एडिंबरापासून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर पीबल्स नावाचं गाव आहे. गावाला लागूनच, ट्वीड नदीच्या खोऱ्यात, ग्लेनट्रेसचं जंगल आणि त्या जंगलात खास माउंटन बायकिंगसाठी बांधलेल्या वाटा. अशा ठिकाणाला ब्रिटनमध्ये ट्रेल सेंटर म्हणतात. नव्वदच्या दशकात वेल्समधल्या कॉइड अ ब्रेनिनच्या जंगलात ही कल्पना आकाराला आली. पुढे दक्षिण स्कॉटलंडमध्ये ‘सेव्हन स्टेन्स’ या नावाने अशा जंगलांची साखळीच उभी राहिली. ग्लेनट्रेस त्या साखळीतलं.

मी मूळची पुण्याची, सायकल शाळेपासूनची. इथे राहायला आल्यापासून सुट्टीचे दिवस या वाटांवर जातात. घरी पाहुणे आले की ‘आम्हालाही ने’ म्हणतात आणि दिवस आखायचं काम माझ्याकडे येतं. किती किलोमीटर मारायचे, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी घेते. लक्ष पूर्ण ताजं असतं ते दोन-तीन तास कुठल्या उतारावर घालवायचे, हे आधी ठरवते. पायांतली ताकद संपायच्या बरीच आधी लक्ष संपतं आणि उतारावर माणसाला सांभाळतं ते लक्षच. खालचं सगळं त्यातूनच आलं आहे.

१. दिवस संध्याकाळकडून मोजत यावा.
डिसेंबरात इथे पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. स्प्रूसच्या दाट झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. वर आकाशात उजेड असतो आणि चाकाखालचं मूळ दिसत नाही. त्यामुळे हिवाळ्यात शेवटचा उतार दोन-अडीचला सुरू व्हायलाच हवा. तिथून मागे मोजत गेलं, की घरून किती वाजता निघायचं ते आपोआप कळतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. वेळ भरपूर आहे असं वाटून लोक फेऱ्या वाढवत राहतात, म्हणून उन्हाळ्यात तर थांबायची वेळ सकाळीच ठरवून ठेवावी.

२. रंग बघावा, पण त्या रंगामागची जमीनही बघावी.
हिरवी वाट सोपी, मग निळी, मग लाल, मग काळी. फलकांवर हे रंग असतात आणि नवख्याला त्यांचा मोठा आधार असतो. पण लाल म्हणजे सगळीकडे सारखंच लाल नव्हे. याच साखळीतल्या डलबीटीच्या ‘हार्डरॉक’ वाटेवर ग्रॅनाइटचे उघडे कातळ आहेत. ओल्या दिवसातही त्या खरखरीत दगडावर टायर धरून राहतो, आपण घाबरलो नाही म्हणजे झालं. साखळीतल्याच करूट्रीच्या काळ्या वाटेवर ‘मॅकमोॲब’ नावाचा अख्खा कातळकडाच चाकाखाली येतो. ग्लेनट्रेसच्या लाल वाटेवर मात्र वेग, वळणं आणि उड्या. आणि पाऊस पडून गेला की झाडीतली मुळं. साल निघालेलं, पांढरट, ओलं मूळ वाटेला तिरपं आडवं गेलेलं असतं. त्यावर ब्रेक लावला की पुढचं चाक बाजूला गेलंच म्हणून समजा. ब्रेक मुळाच्या आधी सोडायचा, सायकल सरळ उभी ठेवायची, मूळ शक्य तितकं काटकोनात ओलांडायचं आणि नजर पुढच्या कोरड्या मातीवर ठेवायची. हे ज्याला अजून जमत नाही, त्याच्यासाठी पावसाळी दिवशी मी निळ्या वाटेच्या पुढचा बेत करत नाही, कोरड्या दिवशी तो लाल वाट आरामात करत असला तरी.

३. आदल्या रात्री बंद वाटांची यादी बघावी.
ही जंगलं लाकडासाठी लावलेली आहेत. तोड चालू असते आणि वाटा वळवल्या जातात. फायटॉफ्थोरा नावाच्या रोगाने लार्चची झाडं मारली, ती काढावी लागली. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळाने तर स्कॉटलंडमधल्या जंगलांत झाडं रांगेने आडवी केली. वनखातं बंद वाटांची माहिती वेळच्या वेळी देतं. वाटेवर आडवी पट्टी दिसली की मागे फिरायचं, पलीकडून यंत्राचा आवाज येत नसला तरी. रचलेल्या ओंडक्यांच्या ढिगावर तर कुणीच चढू नये. मुलं सोबत असतील तर हे आधी सांगून ठेवावं.

४. पहिली फेरी छोटी आणि निळी.
यात कमीपणा वाटायचं कारण नाही. या अर्ध्या-पाऊण तासात सायकलही तपासून होते. ब्रेक किंचाळतोय का, सीटपोस्ट खाली राहते का, मागचा गिअर उडी मारतोय का, हे सपाट वळणांवर कळलं तर गाडीतळाशी परत येऊन सुटतं. टायरच्या हवेकडे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. घरून रस्त्यासाठी भरलेली कडक हवा घेऊन आले तर पहिल्याच खड्ड्यात चाक उडतं. माझ्या वजनाला, ट्यूबलेस टायरला पुढे बावीस आणि मागे पंचवीस पीएसआय जमतं. वजनदार माणसाला थोडी जास्त लागेल. अंगठ्याच्या अंदाजावर विसंबू नये, छोटं डिजिटल मापक खिशात मावतं.

५. ज्याच्यासाठी आलो तो उतार जेवणाच्या आधी.
माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी शिकवण आहे आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार असते.
ग्लेनट्रेसला लोक ‘स्पूकी वुड’साठी येतात. लाल वाटेवर, बराच चढ चढून गेल्यावर हा उतार सुरू होतो. टेबलटॉपमागून टेबलटॉप (माथा सपाट असलेले उडीचे उंचवटे), मध्ये बर्म, म्हणजे बाहेरच्या अंगाला मातीची उतरती भिंत घातलेली वळणं. बर्ममध्ये शिरायच्या आधी वेग आटोक्यात आणायचा, आत शिरल्यावर ब्रेकला बोट लावायचं नाही, सायकल वळणात झुकवायची, बाहेरचा पाय खाली दाबायचा आणि मान वळणाच्या शेवटाकडे फिरवायची. हे सगळं दीड-दोन सेकंदांत. लगेच पुढचं वळण उलट्या बाजूचं. ताज्या माणसाला यात जो आनंद मिळतो तो मला दुसऱ्या कशातच मिळत नाही. थकलेला माणूस मात्र प्रत्येक वळणावर अर्धा क्षण उशिरा बघतो. वळणाच्या मध्यावर त्याला ब्रेक आठवतो, सायकल उभी होते आणि सरळ बाहेर जाते.
बहुतेक लोक बेत उलटा करतात. सकाळी इकडेतिकडे फिरून घेतात, मग जेवतात आणि ‘मोठी’ वाट दुपारसाठी राखून ठेवतात. जेवण अंगावर आलेलं, पाय गार पडलेले, त्यात तासाभराचा चढ. माथ्यावर पोचेपर्यंत ज्याची गरज आहे तेच खर्च झालेलं असतं. त्यापेक्षा निळी फेरी झाली की थेट मुख्य चढ घ्यावा, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश, आणि माथ्यावर दहा मिनिटं शांत बसावं. वर वारा असतो. घामेजल्या अंगावर जॅकेट चढवूनच बसावं.

६. जे ओळखीचं नाही ते आधी चालत बघावं.
२०२३ च्या ऑगस्टमध्ये सायकलिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली क्रॉसकंट्री शर्यत ग्लेनट्रेसला झाली. पुरुषांत टॉम पिडकॉक आणि महिलांत पोलिन फेराँ-प्रेव्हो जिंकले. या दर्जाचे खेळाडूही शर्यतीआधी अवघड टप्प्यांवर उतरून वाट न्याहाळतात. मग आपण का लाजावं? सायकल बाजूला आडवी ठेवायची, वाट अचानक खाली तुटते त्या ड्रॉपच्या काठाशी उभं राहायचं आणि उतरणीची जागा किती लांब आहे, तिथे दगड आहे का, पुढे लगेच वळण आहे का, हे बघायचं. वरून हाका येत असतील तर वाट लगेच मोकळी करायची. बघूनही मन घेत नसेल, तर बाजूची सोपी वाट असतेच.

७. गटाचा बेत गटातल्या सगळ्यात नवख्या माणसाला विचारून.
दर फाट्यावर थांबायचं, वाटेच्या पूर्ण बाहेर. सगळ्यात शेवटी आलेल्याला दम खाऊ द्यायचा आणि मगच निघायचं. पुढचे विश्रांती घेऊन ताजेतवाने झालेत आणि मागचा पोचतो तोच ‘चला’, असं झालं की दिवसभर विश्रांती मिळालीच नाही असा एक माणूस गटात तयार होतो. पडायची पाळी बहुतेक त्याच्यावरच येते.

८. भूक लागायच्या आधी खावं.
माझ्या खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि घडी घातलेलं थालीपीठ असतं. थंडीत एनर्जी बार दगड होतो, थालीपीठ मऊ राहतं.

९. पाठीवरच्या पिशवीत काय हवं.
ट्यूब, पंप, टायर लिव्हर, मल्टीटूल, साखळीची जोडकडी. आणि आपल्याच सायकलच्या मापाचा डिरेलर हँगर. मागचा गिअर ज्या छोट्या धातूच्या तुकड्यावर बसतो तो मुद्दाम मऊ बनवलेला असतो, म्हणजे आपटल्यावर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. प्रत्येक सायकलचा आकार वेगळा, त्यामुळे ऐनवेळी दुकानात मिळेल याची खात्री नसते. शिवाय प्रथमोपचाराचं सामान आणि तापमान राखणारी चंदेरी चादर. जखमी माणूस इथे आधी गारठतो. जंगलात अपघात झाला तर ९९९ ला फोन करून आधी पोलिस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवंय असं सांगायचं. या खोऱ्यात ट्वीड व्हॅलीचं पथक येतं, सगळे स्वयंसेवक. त्यांना सांगायला वाटेचं नाव आणि मागे पडलेला शेवटचा फलक लक्षात असायला हवा.

१०. शेवटच्या फेरीची घोषणा करू नये.
पुण्याहून आलेला भाचा दमदार आहे, सिंहगडाचा घाट सायकलने चढणारा. एका दुपारी तो म्हणाला, “मावशी, एकच अजून. शेवटची.”
मी विचारलं, “मागच्या उतारात तिसरं वळण कसं होतं सांग.”
तो जरा वेळ आठवत राहिला. “तिसरं… डावीकडचं ना?”
“उजवीकडचं. आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी तिथून आलास. चल, हात उघडमीट करून दाखव.”
बोटं पुरती मिटत नव्हती. दिवसभर ब्रेक धरून मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू टणक झाले होते. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण आम्ही खाली हिरव्या वाटेने गाडीतळाशी गेलो. शेवटची म्हटलं की माणूस त्या फेरीत सगळी कसर भरून काढायला बघतो, म्हणून हा शब्दच मी आमच्या गटात वापरू देत नाही. चालू असलेली फेरी संपली की विचारायचं. उतारातलं नीट आठवतंय आणि हात मिटतायत, तर पुढे. नाहीतर चहा.

११. परत निघण्याआधी पाऊण तास राखावा.
सायकल धुवायला गाडीतळाजवळ नळी असते. बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नये, ग्रीस निघून जातं. साखळी पुसून तेल तिथेच घालावं. घरी गेल्यावर कुणी घालत नाही आणि सकाळपर्यंत ती तांबूस होते. कपडे बदलताना गुडघ्याच्या मागे, कमरेला गोचीड चिकटलीय का ते बघावं. तिच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो, त्यामुळे चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. गाडी चालवणाऱ्याने मात्र आधी पोटभर खाऊन घ्यावं. सायकली बांधायचं काम बाकीच्यांनी करावं.