पाच थरांची बाटली

अन्न पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच ते टिकविणेही कठीण असते. घरात साठविलेल्या अन्नावर कीड, बुरशी आणि ओल यांची सदैव नजर असते. त्यांच्या जोडीला आणखी एक शत्रू असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे हवेतील प्राणवायू. ज्या प्राणवायूवाचून आपला श्वास चालत नाही, तोच तेल खवट करतो, टोमॅटोच्या रसाचा तांबडा रंग काळपट करतो आणि फळांतील ‘क’ जीवनसत्त्व नाहीसे करतो. म्हणून अन्न साठविणाऱ्याला हवा बाहेर कशी ठेवावी, याचा विचार करावाच लागतो.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना ही गोष्ट पूर्वापार ठाऊक आहे. कैरीचे लोणचे बरणीत भरले, की त्या वरून तेल ओततात. फोडी तेलात बुडून राहिल्या, म्हणजे त्यांना हवा लागत नाही. बरणीची रचनाही पाहण्यासारखी असते. माठ मातीचा असतो, तशी बरणीही मातीचीच. पण माठ पाझरतो आणि बरणी पाझरत नाही. बरणी कडक भट्टीत भाजलेली असते, शिवाय तिच्या अंगावर काचेसारख्या झिलईचा पातळ थर चढविलेला असतो. माती बळकटी देते आणि झिलई पाझर थांबविते.

युरोपात निकोला आपेर या फ्रेंच गृहस्थाने काचेच्या भांड्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून, ती भांडी उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधून काढली. तिच्याबद्दल फ्रेंच सरकारने १८१० साली त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेण्यात आले. काच आणि पत्रा या दोहोंतून हवा मुळीच जात नाही. परंतु काच जड असते आणि पडली की फुटते. पत्र्याचा डबा एकदा उघडला, की पुन्हा नीट बंद होत नाही.

पुढे प्लास्टिक आले. ते हलके होते, फुटत नव्हते आणि हवा तो आकार घेत होते. मात्र त्यात एक दोष होता. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या बाटलीतून पाण्याचा थेंबही गळत नाही, तरी प्राणवायू मात्र हळूहळू आत शिरतो. बाटलीला कोठेही भोक नसताना हे कसे घडते?

प्लास्टिक हे रेणूंच्या लांबलचक साखळ्यांचे बनलेले असते. पॉलिप्रॉपिलीनमधील साखळ्या जत्रेतील गर्दीप्रमाणे सैल उभ्या असतात. गर्दीतून चपळ मुलगा वाट काढतो, तसे प्राणवायूचे रेणू त्यांच्यामधून वाट काढतात. १९७२ साली जपानमधील कुरारे या कंपनीने ‘ईव्हीओएच’ नावाचे एक निराळे प्लास्टिक बाजारात आणले. त्यातील साखळ्यांनी जणू हातात हात घालून कडे केलेले असते. ते कडे भेदणे प्राणवायूला फार अवघड जाते. पॉलिप्रॉपिलीनमधून जेवढा प्राणवायू जातो, त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकाही कोरड्या ईव्हीओएचमधून जात नाही.

मग साऱ्या बाटल्या ईव्हीओएचच्याच का करू नयेत? कारण या शूर पहारेकऱ्यालाही एक उणीव आहे. त्याला ओल सोसत नाही. पाण्याचे रेणू आत शिरले, की साखळ्यांचे हात सुटतात आणि प्राणवायूला वाट मिळते. शिवाय ते महागही पडते. उलट, पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असते, ओलीला दाद देत नाही आणि कढत पदार्थ भरला तरी वितळत नाही. एकाचे जे बळ, ती दुसऱ्याची उणीव. तेव्हा दोघांना एकत्र आणण्याचे ठरले.

ईव्हीओएचचा थर मध्ये ठेवला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॉलिप्रॉपिलीनचे थर दिले, की आतील थराला ओल लागत नाही. पण हे दोघे तेलपाण्यासारखे, एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या खास प्लास्टिकचा एकेक थर घालावा लागतो. अशा रीतीने पाच थर होतात. त्यांतील ईव्हीओएचचा थर बहुधा माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो.

ही बाटली बनविण्याची रीत पुरणपोळीची आठवण करून देणारी आहे. निरनिराळी प्लास्टिके वेगवेगळ्या यंत्रांत वितळवितात आणि एकाच तोंडातून एकत्र बाहेर सोडतात. त्यांची पाच थरांची मऊ नळी बनते. ती साच्यात धरून आत हवा फुंकली, की नळी फुगून साच्याला भिडते आणि बाटली तयार होते. पोळी लाटताना पुरण आणि कणीक दोन्ही पसरतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. तसेच हे थर पातळ होतात, पण वेगळे राहतात. चांगल्या पोळीचे पुरण काठापर्यंत पोचलेले असते. येथेही मधला थर तळापासून तोंडापर्यंत अखंड राहावा लागतो. तो कोठे तुटला, तर प्राणवायू नेमकी तीच जागा गाठतो.

१९८३ साली अमेरिकेत हाइन्झ कंपनीचे टोमॅटो केचप अशा बहुथरी बाटलीतून विकले जाऊ लागले. ती दाबली की केचप बाहेर येई आणि हातातून पडली तरी ती फुटत नसे. लोकांना ती आवडली.

परंतु केचप संपल्यावर रिकाम्या बाटलीचे काय करावयाचे? एकाच जातीचे प्लास्टिक असेल, तर ते वितळवून त्याच्या नव्या वस्तू करता येतात. येथे तर निरनिराळी प्लास्टिके एकमेकांना घट्ट चिकटलेली. ज्या एकजुटीने अन्नाचे रक्षण केले, तीच आता अडचण ठरली. तेव्हा १९९० च्या सुमारास या केचपसाठी नवी बाटली तयार करण्यात आली. तिच्यात पॉलिप्रॉपिलीनच्या जागी ‘पेट’ नावाचे प्लास्टिक घेतले आणि चिकटविणारे थर काढून टाकले. ईव्हीओएच मात्र कायम ठेवले. अशा बाटल्यांचा चुरा करून तो धुतला, की थर सुटे होतात आणि पेट पुन्हा उपयोगात आणता येते.

सर्वच बहुथरी वेष्टने मात्र अशी सुटी होत नाहीत. आपल्या देशात २०१६ साली केंद्र सरकारने प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी नियम केले. त्यांत, पुन्हा वापरात न आणता येणारी बहुथरी वेष्टने बंद करण्याविषयी कलम घालण्यात आले. २०१८ साली त्यात बदल करून, ज्यांचा दुसरा काहीच उपयोग होऊ शकत नाही, अशा वेष्टनांपुरते ते ठेवण्यात आले.

आजीची बरणी पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. बाटली मात्र रिकामी होताच कचऱ्यात जाते. अन्न वाया जाऊ न देणे हे जसे शहाणपणाचे, तसेच ते राखणारे भांडेही वाया जाऊ न देणे शहाणपणाचे आहे. चांगल्या भांड्याची परीक्षा ते भरलेले असताना होते, तशीच ते रिकामे झाल्यावरही होते.

स्वाध्याय

१. लोणच्यावर तेल का ओततात?
२. पॉलिप्रॉपिलीन आणि ईव्हीओएच यांचे एकेक बळ आणि एकेक उणीव सांगा.
३. बाटलीच्या घडणीला पुरणपोळीची उपमा का दिली आहे?
४. ‘जी एकजूट उपयोगी पडली, तीच अडचण ठरली.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या घरात अन्न साठविण्यासाठी कोणकोणती भांडी वापरतात, ते पाहून त्यांविषयी दहा ओळी लिहा.