शब्दपाठ : तुशिया



'येश लो तुशिया' असे शाळेतील बाईंनी आपल्या नातवाविषयी म्हटले, तर आजीआजोबांनी काय समजावे? अडचण आली असता रडत न बसता, हाताशी असेल त्यातून वाट काढण्याची अक्कल मुलाला आहे, हा त्याचा आजचा अर्थ. शब्द मात्र फार जुना आहे.

नीतिसूत्रे, ईयोब, यशया व मीखा या पुस्तकांत तो आढळतो. तेथे तुशिया म्हणजे टिकाऊ, कामास येणारे शहाणपण. यशयाच्या २८व्या अध्यायाच्या शेवटी शेतकऱ्याचा दाखला आहे. कलौंजी व जिरे यांवर तो मळणीचे जड औत फिरवीत नाही, काठीने झोडपतो. जसे बी तशी रीत! ही समज देवाने दिली, त्याची तुशिया थोर आहे, असा संदेष्टा समारोप करतो. कोकणात घाणा चालविणाऱ्या आपल्या शनवार तेली पूर्वजांना हा दाखला समजावून सांगावा लागला नसता.

शब्दाच्या मुळाविषयी पंडितांचे एकमत नाही. काही जण तो 'येश', म्हणजे 'आहे', याच्याशी जोडतात. तालमुदात (सान्हेद्रिन २६) शब्दावर कोटी करून म्हटले आहे, की तोराला तुशिया म्हणतात, कारण तिचा अभ्यास माणसाची शक्ती क्षीण करतो. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, ही आपली मराठी म्हण येथे सहज आठवते. 'युक्ती' हा शब्द संस्कृत 'युज्', म्हणजे जोडणे, यापासून झाला.

आता दोन शेजारी शब्द. 'इलतूर' म्हणजे ऐनवेळी केलेली जोडजमव. तो 'जागच्या जागी' अशा अर्थाच्या अरामी शब्दांवरून आला. 'कोम्बिना' म्हणजे आडवाटेने साधलेले काम. रांगेत मागून पुढे घुसणे ही कोम्बिना होय, तुशिया नव्हे. ईयोबाच्या ५व्या अध्यायातील १२वे वचन पाहा. धूर्तांचे बेत देव मोडतो आणि त्यांच्या हातून तुशिया घडत नाही, असा त्याचा आशय आहे.

हल्ली तरुण मंडळी कोम्बिना कौतुकाने सांगतात. म्हणून हा फरक घरीच शिकवावा. येत्या शब्बाथला जेवणानंतर नातवंडांना विचारा, या आठवड्यात तू तुशिया कोठे वापरलीस? उत्तर हिब्रूत आले तरी चालेल. 'युक्ती' हा शब्द मात्र तुम्ही त्यांना मराठीत द्या.