शब्बाथ मोठा कीं जीव मोठा?

वाचावयाचे शास्त्रभाग: निर्गम ३५:१-३, लेवीय १८:५, लूक १३:१०-१७.

कोंकणांतील बेने इस्राएल लोक पूर्वीं तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गांवकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. तोच शब्बाथ परंपरानिष्ठ यहूदी लोक आजच्या यंत्रयुगांत कसा पाळतात, हें आम्ही या पाठांत पाहूं. कारण त्याविषयीं उपदेशांत पुष्कळदां चुकीचें सांगितलें जातें.

१. वर्ज्य काम कोणतें? इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना ग्रंथांत वर्ज्य कामांचे ३९ प्रकार सांगितले आहेत: नांगरणें, पेरणें, दळणें, भाजणें, विणणें, लिहिणें, विस्तव पेटविणें, तो विझविणें इत्यादि. येथें श्रमाचें माप पाहत नाहींत. घरांतल्या घरांत जड बांक हलविणें चालतें, पण दोन अक्षरें लिहिणें चालत नाहीं. मनुष्यानें आपली घडामोड एक दिवस थांबवावी, म्हणजे सृष्टीचा धनी कोण याची त्यास आठवण राहील, असा यांतील भाव आहे.

२. विजेच्या दिव्याचें काय? दिव्यांतील तार तापून लाल होते, म्हणून कळ दाबणें हें विस्तव पेटविणेंच होय, असें पुष्कळ रब्बींनीं ठरविलें. रब्बी करेलिट्स (मृत्यु १९५३) यांनीं विजेचा मार्ग जोडणें हें बांधकामासारखें मानिलें. कारणें निरनिराळीं, परंतु आचरण एकच: शब्बाथांत कळ दाबावयाची नाहीं. यास्तव शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वींच दिवे लावून ठेवितात, किंवा ठरल्या वेळीं दिवा आपोआप लावणारें व मालविणारें घड्याळ जोडितात. अन्नही आधींच शिजवून मंद उष्णतेवर ठेवितात.

३. जीव धोक्यांत असेल तर? तेव्हां हीं बंधनें बाजूस राहतात. आज्ञा मनुष्यानें जगावें म्हणून दिल्या, मरावें म्हणून नव्हे, असा अर्थ तालमूदांतील गुरूंनीं लेवीय १८:५ वरून काढिला. बाई अडली, कोणी पडलेल्या भिंतीखालीं सांपडला, दुखणें जिवावर बेतलें, तर दिवा लावावा, गाडी हांकावी, वैद्यास बोलवावें. धोक्याविषयीं नुसता संशय असला तरी थांबूं नये. बाराव्या शतकांतील मायमोनिदेस यांनीं तर असें शिकविलें कीं, हें काम पोरांवर किंवा परक्यांवर न सोंपवितां ज्ञानी जनांनींच करावें.

बोध. यहूदी लोक शब्बाथासाठीं मनुष्यास मरूं देतात, असें जो उपदेशक सांगेल तो शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देईल. लूक १३ मधील वाद निराळा आहे. ती स्त्री अठरा वर्षें वांकलेली होती. तिच्या जिवास त्या दिवशीं धोका नव्हता. म्हणून सभास्थानाच्या अधिकाऱ्यास वाटलें कीं, बरें होण्यासाठीं इतर सहा दिवस आहेत. प्रभूनें दाखविलें कीं, दुःखिताची सुटका उद्यांवर ढकलण्याचें कारण नाहीं. दया करावी हें दोघांसही मान्य होतें. ती आज करावी कीं उद्यां, एवढाच प्रश्न होता. तोच प्रश्न आपल्याही दाराशीं उभा आहे.

विचारावयाचे प्रश्न:
१. दोन अक्षरें लिहिणें वर्ज्य कां, व जड बांक हलविणें कां नाहीं?
२. जीव वांचविण्याचें काम ज्ञानी जनांनींच कां करावें?
३. आपल्या गांवांत कोणाचें दुःख आपण 'उद्यां पाहूं' म्हणून ठेविलें आहे?