मामांची बेस गिटार आणि 'इतिहासाची साधने' हा पाठ



'इतिहासाची साधने' हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं तीन नावं आणि प्रत्येकाची तीन-तीन उदाहरणं पाठ करतात आणि पेपरात बरोबर लिहितात. पण ताम्रपट काही मुलांच्या हातात देता येत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी वर्गात एक जुनी वस्तू नेली. आमच्या मामांची इलेक्ट्रिक बेस गिटार. तो तास कसा झाला हे तर सांगतेच, पण त्याआधी त्या गिटारच्या बाबतीत मी काय चुका केल्या हेही सांगते. कारण धडा मुलांच्या आधी मलाच मिळाला.

आधी बेस गिटार म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्याच शाळेत दोन सरांनी "मॅडम, हिच्या दोन तारा तुटल्यात का?" असं विचारलं. नाही, तुटलेल्या नाहीत. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला चार जाड तारा. आवाज खालच्या पट्टीतला, खर्जातला. गाणं ऐकताना जो सूर कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो ना, तो बहुतेक वेळा हिचा असतो. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात.

हिचा जन्म अमेरिकेतला. तिथल्या बँडमध्ये पूर्वी माणसाएवढा उंच, उभा धरायचा बेस असे. तो वाहून न्यायला अवघड, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गोंगाटात त्याचा आवाज बुडायचा. 1930 च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी आडवा धरायचा विजेवरचा बेस करून पाहिला होता, पण तो फारसा चालला नाही. मग 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. उभ्या बेसला फ्रेट नसतात, सूर अंदाजाने शोधावा लागतो. इथे फ्रेट, म्हणजे आपल्या सतारीला असतात तसे पडदे, बसवले आणि बोट ठेवलं की सूर नेमका लागायला लागला. 1960 मध्ये त्यांनीच 'जॅझ बेस' आणला. 1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्याआधीच्या गिटारींना आज जुन्या वस्तूंच्या बाजारात फार मोठी किंमत येते.

आमची गिटार फेंडर नाही. फेंडरसारखी दिसणारी, जपानमध्ये बनलेली आहे. मागच्या पट्टीवर तसं कोरलंय, पुढचं नाव मात्र घासून गेलंय. मामा मुंबईत नोकरी करायचे आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात वाजवायचे. जहाजावरच्या एका माणसाकडून त्यांनी ती घेतली होती. निवृत्त झाल्यावर ती पेटीसकट गावी आली, आणि मामा गेल्यावर मामी म्हणाल्या, "तू घेऊन जा गो बाय, इथं उंदीर कुरतडतील."

मी घेऊन आले. आणि कोकणातल्या दमट हवेत तशीच माळ्यावर ठेवली. ही पहिली चूक. दोन वर्षांनी पेटी उघडली तर तारांवर गंज, आतल्या मखमलीवर बुरशी, आणि आवाजाचं बटण फिरवलं की नुसती खरखर.

दुसरी चूक याहून मोठी. मी ती शहरातल्या एका कारागिराकडे दिली आणि सांगितलं, "नवीसारखी करून द्या." त्यांनी खरखर घालवली, पण त्यासाठी बटणाखालचा जुना पॉट काढून नवा बसवला. जुना परत मागितला तेव्हा म्हणाले, "तो टाकला. काय करायचाय?" तेव्हा मलाही वाटलं, खरंच, काय करायचाय? नंतर वाचलं की जुन्या अमेरिकन गिटारींचं वय ठरवायला याच पॉटवरचे आकडे बघतात. उदाहरणार्थ 1376234 असा आकडा असेल तर 137 म्हणजे पॉट बनवणारी कंपनी, 62 म्हणजे 1962 साल आणि 34 म्हणजे त्या वर्षाचा चौतिसावा आठवडा. पॉट मूळचाच असेल, तर गिटार त्या आठवड्याच्या आधीची असू शकत नाही. आमच्या पॉटवर काय छापलं होतं ते मी पाहिलंच नव्हतं. एक साक्षीदार कचऱ्यात गेला, आणि तो मीच घालवला.

त्यानंतर त्याच कारागिराने रंगाचं विचारलं. गिटारच्या अंगावर तारांच्या वरच्या बाजूला सुपारीएवढा एक डाग आहे. तिथला रंग आणि पॉलिश जाऊन उघडं लाकूड दिसतं. "हे घासून सगळ्याला नवा रंग मारून देतो," म्हणाले. घरच्यांचंही मत पडलं की एवढा खर्च केलाच आहे तर होऊन जाऊ दे. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग एकदा ती मांडीवर घेऊन वाजवायच्या पवित्र्यात बसले, तेव्हा माझा अंगठा बरोबर त्या डागावर टेकला. मामा तिथेच अंगठा टेकवायचे. वर्षानुवर्षं टेकवून त्यांनी तो रंग झिजवला होता. रंग मारला असता तर तेही गेलं असतं. गडावरच्या जुन्या दगडी मूर्तीला कुणीतरी भक्तिभावाने ऑइलपेंट फासतं ना, तसंच झालं असतं. बाजारातही हाच हिशेब आहे. जुन्या फेंडरला कुणी नवा रंग मारला की तिची किंमत साधारण निम्म्यावर येते असं धरतात.

आता वर्गातला तास. मी गिटार टेबलावर ठेवली, पेटीही ठेवली आणि काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, "ही वस्तू कुणाची, किती जुनी, ते शोधा." मुलांनी अंगठ्याचा डाग पाच मिनिटांत ओळखला. पेटीच्या खिशात मामांच्या अक्षरातली गाण्यांची यादी होती. प्रत्येक गाण्यापुढे 'काळी एक', 'पांढरी चार' अशा पट्ट्या, काही ठिकाणी 'इथे बेस एकटा' अशी सूचना, आणि वर तारीख 14-4-1980. हे झालं लिखित साधन. मौखिक साधनासाठी मामींना स्पीकरवर फोन लावला. त्या ठामपणे म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या वर्षी आणली. एक्क्याऐंशी साली." वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मग ऐंशी साली त्यांनी काय वाजवलं?" मी तो प्रश्न मामींना सांगितला. त्या थोडा वेळ थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "म्हणजे आधीपासून होती! मला तर म्हणाले होते, तुझ्या पायगुणानं आली."

दोन साधनं एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा काय करायचं, हे मला त्या दिवशी वेगळं शिकवावं लागलं नाही.

गणितासाठीही हिचा उपयोग झाला. टेप लावून मुलांनी तारेची कंपन पावणारी लांबी मोजली. ती 86 सेंटिमीटरच्या थोडी पुढे भरली (या गिटारींचं ठरलेलं माप 34 इंच, म्हणजे 86.4 सेंमी). बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, 43.2 सेंमीवर. तिथे दाबून वाजवलं की तोच सूर वरच्या सप्तकात येतो आणि कंपनं दुप्पट होतात. सातवा फ्रेट जवळपास एक तृतीयांशावर, पाचवा जवळपास एक चतुर्थांशावर. अपूर्णांक कानांनी ऐकता येतात हे मुलांना फार आवडलं. विजेचा भाग मी थोडक्यात उरकला. पिकअपमध्ये लोहचुंबकं असतात आणि केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर लोखंडी तार हलली की वेढ्यांत अगदी थोडी वीज तयार होते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व तेच.

वाद्य शाळेत आणणार असाल तर एक सूचना. अॅम्पचा प्लग तीन पिनांचाच हवा आणि शाळेचं अर्थिंग आधी तपासून घ्या. वाजवणाऱ्याची बोटं धातूच्या तारांवर असतात. इथे चालढकल नको.

घरात जुनी गिटार असलेल्या काही पालकांनी देखभालीचं विचारलं, म्हणून मी आता काय करते ते सांगते. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने पुसायच्या. घाम आणि खारी हवा मिळून तार खातात. चारही तारा एकदम काढून ठेवायच्या नाहीत. चार तारांचा मिळून ताण 75 किलोच्या आसपास असतो, आणि नेक त्या ताणाला तोलून धरण्यासाठी बसवलेली असते. ताण अचानक गेला की ती मागे वाकू शकते. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, तिने हा तोल सांभाळता येतो. तपासायची पद्धत सोपी आहे. एकच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात किती फट आहे ते पाहायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी पुरे. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, हिवाळ्यात सोडतं, त्यामुळे ही फट बदलत राहते. सळई फिरवायची ती पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि नंतर एक-दोन दिवस थांबायचं. लाकडाला वेळ लागतो. फिरत नसेल तर जोर लावू नका, जाणकाराला दाखवा. आतून सळई तुटली तर नेकच गेली समजा. बटणाची खरखर बहुतेक वेळा आतल्या धुळीची असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीसेक वेळा फिरवलं की पुष्कळदा जाते. (हे मला आधी माहीत असतं तर तो पॉट आज घरात असता.) पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. आणि जुन्या अमेरिकन गिटारींना नायट्रोसेल्युलोजचं लॅकर असतं. रबरी स्टँडला टेकवून ठेवली तर ते वितळून चिकटतं, म्हणून मध्ये सुती कापड घालावं. कारागिराकडे काहीही दिलं तरी काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागायचा.

याच्या अगदी उलट उदाहरणही सांगितलं पाहिजे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन आपल्या 1962 च्या प्रिसिजनच्या तारा तुटेपर्यंत बदलत नसत. जुन्या, मळलेल्या तारांचा गोल, दबका आवाजच त्यांना हवा असे, आणि उजव्या हाताची एकच तर्जनी ते वापरत. 1983 मध्ये त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी ती गिटार चोरीला गेली, आणि परत मिळाली नाही. पॉल मॅकार्टनींचं नशीब बरं. 1961 मध्ये हँबर्गला घेतलेली त्यांची हॉफ्नर बेस 1972 मध्ये लंडनमध्ये गाडीतून चोरीला गेली. पन्नासहून जास्त वर्षांनी ती इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि त्यांना परत मिळाली. दुरुस्ती लागणार होती, पण तीच आहे हे हॉफ्नर कंपनीने तपासून सांगितलं. ही गोष्ट सांगितल्यावर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्या रविवारी घरचे माळे उचकले. दोन जुनी घड्याळं, एक वाजत नसलेला रेडिओ आणि एका आजोबांची फुटकी ढोलकी एवढं वर्गात आलं. एका आईचा थोडा रागावून फोनही आला.

म्हणून मीही गंजलेल्या तारांपैकी फक्त तीन बदलल्या. सगळ्यात जाड तार पुसल्यावर वाजायला लागली, ती मामांचीच ठेवली आहे. दर गुरुवारी परिपाठाला हार्मोनियमबरोबर वाजवते. मला तीनच सूर नीट येतात, प्रार्थनेला तेवढे पुरतात. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नेक पुन्हा हलली आणि तारा फ्रेटवर खडखडायला लागल्या. पाव फेरा दिला आणि शनिवारपर्यंत पेटी बंद ठेवली.