गाडीची मिसिंग आणि तुमची डोकेदुखी

कार्बोरेटरच्या काळातली मोटार अजून जपून चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. पिकअप राहिला नाही, चढावर मिसिंग करते, पेट्रोल मात्र पिते. मेकॅनिक प्लग काढून दाखवतो, तर टोकावर काजळी. एअर फिल्टर चोंदला किंवा चोक अडकला की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं आणि ते अर्धवट जळतं. इथपर्यंत काम मेकॅनिकचं. पण अर्धवट जळलेल्या पेट्रोलातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, म्हणून या सदरात गाडीचा विषय.

या वायूला ना रंग, ना वास. सायलेन्सर गंजून भोक पडलं असेल, मॅनिफोल्डची गॅसकेट फुटली असेल किंवा डिकीचं रबर गेलं असेल, तर तो आत बसलेल्यांपर्यंत पोचतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं. आपल्याकडे अशा वेळी 'गाडी लागली' म्हणतात, नाहीतर पित्ताची गोळी घेतात. (पित्तावर ढकलता येणार नाही असा आजार अजून आपल्याला सापडायचा आहे.) गाडीतल्या दोघातिघांना एकदम त्रास झाला आणि उतरून मोकळ्या हवेत बसल्यावर बरं वाटलं, तर संशय गाडीवर घ्या.

कोविडपासून घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर इथे विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. माणूस गुंगीत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. खरा आकडा कार्बॉक्सीहिमोग्लोबिनच्या रक्ततपासणीत कळतो. ती करायला डॉक्टरांना सुचावी म्हणून 'गाडीत होतो, इंजिन चालू होतं' हे आवर्जून सांगा.

माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर इंजिन बंद करून त्याला बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने भरपूर ऑक्सिजन दिल्यास साधारण तासदीड तास. गरोदर बाईला त्रास किरकोळ वाटला तरी रुग्णालयात न्याच. पोटातल्या बाळाला धोका अधिक असतो.

पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो. मागच्या वेळेपेक्षा तो वाढला असेल, तर पास झाली तरी गाडी मेकॅनिकला दाखवा. आणि ट्यूनिंग घरीच करणार असाल, तर गाडी आधी गॅरेजबाहेर काढा. नुसतं शटर अर्धं वर करून भागत नाही.